67–67 : एका मताची किंमत

निवडणुकीचा निकाल लागला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कोण जिंकलं?’ अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर 2024 मध्ये या प्रश्नाला उत्तरच ठेवले नाही. तेथील विधिमंडळाच्या प्रतिनिधिगृहात 134 जागा आहेत. मोजणी संपली तेव्हा 67 जागा एका पक्षाकडे आणि 67 जागा दुसऱ्या पक्षाकडे होत्या. तिसरा पक्ष नाही, अपक्षही नाही. ज्याच्या दारात जाऊन पाठिंबा मागावा असा मधला कोणी उरलाच नव्हता.

काठावरचे बहुमत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते, हे वेगळे सांगायला नको. जून 2022 मध्ये आमदारांचा सुरत, गुवाहाटी आणि गोवा असा प्रवास आपण घरात बसून टीव्हीवर पाहिला आहे. म्हणूनच दुसऱ्या एका लोकशाहीत अगदी बरोबरीचा पेच कसा सुटला, हे समजून घेण्यासारखे आहे. तिथेही सगळे गोडीगुलाबीने झाले, असे मुळीच नाही. बहिष्कार झाला, कोर्टकचेरी झाली, स्वपक्षीयांनीच आपल्या नेत्यांच्या दाराबाहेर घोषणा दिल्या. आणि ज्या बाईने सर्वांत जड मत दिले, ती पाच दिवसांनंतर या जगात नव्हती.

राज्य कसे आहे?

मिनेसोटा हे कॅनडाला लागून असलेले थंड प्रदेशातले राज्य. सेंट पॉल ही राजधानी आणि तिला चिकटून मिनिआपोलिस हे मोठे शहर. अमेरिकेतील सर्वांत मोठी सोमाली वस्ती याच राज्यात आहे, त्यामुळे मुस्लिम नावे तिथल्या राजकारणाला नवीन नाहीत. कीथ एलिसन आधी याच प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. 2006 मध्ये ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेले पहिले मुस्लिम ठरले आणि आज ते राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल आहेत. इल्हान ओमर 2016 मध्ये याच गृहात निवडून आल्या, त्या नंतर काँग्रेसमध्ये गेल्या. राज्याच्या सिनेटमध्ये ओमर फतेह आणि झैनब मोहम्मद हे सदस्य आहेत.

दोन मुख्य पक्षांपैकी एक रिपब्लिकन. दुसऱ्याचे नाव इथे थोडे लांबलचक आहे : डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर, म्हणजे डीएफएल. 1944 मध्ये डेमोक्रॅट आणि शेतकरी-कामगारांचा पक्ष एकत्र आले, त्याची ही खूण. गव्हर्नर टिम वॉल्झ हे डीएफएलचे.

बरोबरी होण्यामागे राज्याच्या रचनेचाही हात आहे. सिनेटच्या 67 जागा आहेत आणि सिनेटच्या प्रत्येक मतदारसंघाचे दोन भाग करून प्रतिनिधिगृहाचे दोन मतदारसंघ केलेले आहेत. म्हणजे 134, समसंख्या. त्यात राज्यघटनेची अट अशी की कोणतेही विधेयक मंजूर व्हायला एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मते, म्हणजे 68 मते हवीत. आपल्याकडे मते समान पडली तर अध्यक्ष निर्णायक मत देतात. मिनेसोटात तशी सोय नाही. अध्यक्षांचे मत हे 134 पैकीच एक. तेव्हा 67 जणांनी कितीही एकजूट दाखवली, तरी समोरच्या बाकावरचा निदान एक माणूस उठून त्यांच्या बाजूने उभा राहिल्याशिवाय एक ओळही कायदा होऊ शकत नाही.

आधीच्या दोन वर्षांची कटुता

हा पेच कोऱ्या पाटीवर आला नव्हता. 2023 आणि 2024 या दोन वर्षांत गव्हर्नर, सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही तिन्ही सत्ताकेंद्रे डीएफएलकडे होती. सिनेटमध्ये बहुमत होते ते फक्त एका मताचे, 34 विरुद्ध 33. पण त्या एका मतावर पक्षाने मोठमोठे कायदे केले. शाळेतील सर्व मुलांना मोफत नाश्ता आणि जेवण, आजारपण व बाळंतपणासाठी पगारी रजा, आणि कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांनाही राज्याच्या ‘मिनेसोटाकेअर’ या आरोग्य योजनेत प्रवेश. रिपब्लिकनांना वाटत होते की आपल्याला कोणी विचारतच नाही. मे 2024 मध्ये अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री सुमारे 1,400 पानांचे एक विधेयक गोंधळातच मतास टाकून मंजूर करण्यात आले. रिपब्लिकन सदस्य ओरडत राहिले.

एका मताचे बहुमत असले की पक्षातल्या प्रत्येकाचे वजन वाढते, हेही याच काळात दिसले. ओमर फतेह यांनी उबर आणि लिफ्टच्या चालकांना किमान मोबदला मिळावा म्हणून लढा दिला. या चालकांत पूर्व आफ्रिकेतून आलेले कितीतरी जण आहेत. 2023 मध्ये विधेयक मंजूर झाले, पण गव्हर्नरांनी, स्वतःच्याच पक्षाच्या, ते नाकारले. पुढे मिनिआपोलिस शहराने प्रति मैल 1.40 डॉलर आणि प्रति मिनिट 51 सेंट असा दर ठरवला, तेव्हा कंपन्यांनी निघून जाण्याची धमकी दिली. अखेर मे 2024 मध्ये राज्यभरासाठी प्रति मैल 1.28 डॉलर आणि प्रति मिनिट 31 सेंट असा कायदा झाला. मागितले होते त्याहून कमी, पण गाड्या चालू राहिल्या आणि पहिल्यांदाच दराला कायद्याचा आधार मिळाला. तडजोड म्हणजे काय, याचा हा एक नमुना.

एकाच इमारतीत दोन तऱ्हा

जानेवारी 2025 मध्ये नवे अधिवेशन सुरू होण्याआधी दोन घटना घडल्या. डिसेंबरच्या अखेरीस डीएफएलच्या सिनेटर केरी जिएजिक यांचे निधन झाले, त्यामुळे सिनेट 33–33 झाली. आणि प्रतिनिधिगृहासाठी निवडून आलेला डीएफएलचा एक उमेदवार आपल्या मतदारसंघात राहतच नव्हता, असा निकाल न्यायाधीशांनी दिला. त्याने माघार घेतली. त्यामुळे तिथली बरोबरी मोडून रिपब्लिकन 67, डीएफएल 66 अशी स्थिती झाली. पोटनिवडणूक होईपर्यंत का होईना, पारडे एका माणसाने झुकले.

सिनेटने पहिल्याच दिवशी मार्ग काढला. दोन्ही पक्षांचा एकेक सभापती नेमला : डीएफएलचे बॉबी जो चॅम्पियन आणि रिपब्लिकन जेरेमी मिलर. समित्यांचे अध्यक्षही जोडीने. जागा कधी ना कधी भरणारच आहे, तोवर एकमेकांना धरून चालू, असा सरळ विचार. 28 जानेवारीच्या पोटनिवडणुकीत डीएफएलचे डोरॉन क्लार्क निवडून आले आणि पक्षाला बहुमत परत मिळाले. तोवर कोणी कोणाचा गळा धरला नव्हता.

त्याच छताखाली प्रतिनिधिगृहात मात्र वेगळेच चालले होते. रिपब्लिकनांचे म्हणणे होते की आज आम्ही एकाने जास्त आहोत, तर दोन वर्षांसाठी अध्यक्ष आमचाच. डीएफएलचे म्हणणे होते की मतदारांनी बरोबरी दिली आहे. तांत्रिक कारणाने रिकाम्या झालेल्या एका खुर्चीवर दोन वर्षांची सत्ता घेता येणार नाही.

त्यांना आणखी एक धास्ती होती. शॅकोपी भागातून डीएफएलचे ब्रॅड टॅबकी केवळ 14 मतांनी निवडून आले होते आणि तिथल्या 20 मतपत्रिका मोजणीआधीच गहाळ झाल्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेले. त्या वीस मतदारांपैकी सहा जणांनी शपथेवर सांगितले की आमचे मत टॅबकींना होते. हिशेब सोपा होता. ती सहा मते धरली की आघाडी वीसची होते, आणि उरलेली चौदाच्या चौदा विरोधकाला दिली तरी निकाल बदलत नाही. न्यायाधीशांनी टॅबकींची निवड कायम ठेवली. पण अमेरिकेत सभागृह आपल्या सदस्यांच्या निवडीचा फैसला स्वतः करू शकते. एका मताचे बहुमत वापरून रिपब्लिकन त्यांना बाहेर काढतील, अशी भीती डीएफएलला होती.

ही भीती हवेतली नव्हती. 1979 मध्ये याच सभागृहात हाच आकडा आला होता, 67–67. तेव्हा रिपब्लिकनांचे रॉड सर्ल अध्यक्ष झाले. मात्र मे महिन्यात निवडणूक प्रचारातल्या गैरप्रकाराच्या कारणावरून एका रिपब्लिकन सदस्याला 67 विरुद्ध 66 मतांनी काढून टाकण्यात आले. ज्याच्याबद्दल मतदान होते, त्याला मत देता आले नाही, एवढाच तो फरक. काढणारे त्या वेळी डीएफएलवाले होते. सेहेचाळीस वर्षांनी तोच डाव आपल्यावर उलटेल, असे त्यांना वाटले तर नवल नाही.

रिकामी बाके

14 जानेवारी 2025 रोजी अधिवेशन भरले, तेव्हा सभागृहाची अर्धी बाजू रिकामी होती. डीएफएलच्या 66 सदस्यांनी दोन दिवस आधीच सेंट पॉलच्या इतिहास संग्रहालयात शपथ घेतली होती आणि आता ते येतच नव्हते. डाव गणपूर्तीचा, म्हणजे कोरमचा होता. आपल्या विधानसभेत कोरमसाठी एकूण सदस्यांच्या एक दशांश लोक पुरतात. महाराष्ट्रात 288 पैकी 29. मिनेसोटाच्या राज्यघटनेला निम्म्याहून अधिक सदस्य हवे असतात. पहिल्या दिवशी कामकाज चालवणारे राज्याचे सचिव स्टीव्ह सायमन यांनी डोकी मोजली, 67 भरली, आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली. रिपब्लिकन उठले नाहीत. 133 सदस्यांत 67 म्हणजे बहुमतच, असे म्हणत त्यांनी आपल्या नेत्या लिसा डेमथ यांना अध्यक्ष निवडून टाकले आणि कामकाज सुरू केले.

प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे दोन निकाल लागले, आणि ते दोन्ही मिळून वाचायला हवेत. पहिला 17 जानेवारीचा : गव्हर्नरांनी 28 जानेवारीला जाहीर केलेली पोटनिवडणूक घाईची आहे, ती रद्द. हा फटका डीएफएलला होता. दुसरा 24 जानेवारीचा : गणपूर्ती रिकाम्या खुर्च्या वगळून नव्हे, तर एकूण 134 जागांवर मोजायची, म्हणजे 68 सदस्य हवेतच. हा फटका रिपब्लिकनांना होता. डेमथ यांची निवड फोल ठरली.

न्यायालयाने कोणाला सत्ता दिली नाही. त्याने दोघांचेही एकट्याने चालण्याचे रस्ते बंद केले. मग एकच वाट उरली, समोरच्याशी बोलण्याची.

फेब्रुवारीचा समझोता

बोलणी करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या प्रमुख महिला होत्या. डेमथ मध्य मिनेसोटातल्या कोल्ड स्प्रिंग या लहान गावच्या. समोर डीएफएलच्या मेलिसा हॉर्टमन, मिनिआपोलिसजवळच्या ब्रुकलिन पार्कच्या प्रतिनिधी. 2004 मध्ये पहिल्यांदा निवडून आलेल्या आणि 2019 पासून सहा वर्षे याच सभागृहाच्या अध्यक्ष राहिलेल्या.

5 फेब्रुवारीच्या रात्री समझोता झाला आणि दुसऱ्या दिवशी डीएफएलचे सदस्य तीन आठवड्यांनी आपापल्या जागी बसले. अटी अशा होत्या. अध्यक्षपद पूर्ण दोन वर्षे डेमथ यांच्याकडे. पोटनिवडणुकीनंतर पुन्हा बरोबरी झाली की समित्यांमध्ये दोन्ही पक्षांचे सदस्य समान आणि अध्यक्ष दोघे, आळीपाळीने. सरकारी पैशातील गैरव्यवहार तपासणाऱ्या नव्या समितीत मात्र रिपब्लिकनांचे बहुमत. आणि टॅबकी यांना हात लावायचा नाही.

हॉर्टमन यांनी खुर्ची सोडली, स्वतः सहा वर्षे बसलेली खुर्ची. त्या बदल्यात आपला एक सदस्य वाचवला आणि समित्यांत बरोबरी मिळवली. डेमथ यांना मान मिळाला : मिनेसोटाच्या इतिहासातील पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष आणि रिपब्लिकन पक्षाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. मात्र एकहाती कारभार मिळाला नाही. 11 मार्चच्या पोटनिवडणुकीत डीएफएलचे डेव्हिड गॉटफ्रीड निवडून आले आणि आकडा परत 67–67 झाला.

9 जूनची रात्र

खरी परीक्षा पुढे होती. दोन वर्षांचा अर्थसंकल्प, सुमारे 66 अब्ज डॉलरचा. 30 जूनपर्यंत तो मंजूर झाला नाही तर सरकारी कचेऱ्या बंद पडतात. मिनेसोटाने हे भोगलेले आहे. 2011 मध्ये असाच वाद चिघळून राज्याचे कामकाज 20 दिवस ठप्प झाले होते आणि हजारो कर्मचारी घरी बसले होते.

रिपब्लिकनांची एक मागणी हलत नव्हती : कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना आरोग्य योजनेतून काढा. डीएफएलला हे मान्य होण्यासारखे नव्हते, कारण ही योजना त्यांनीच 2023 मध्ये खुली केली होती आणि ती प्रत्यक्ष सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पगारी रजा आणि मुलांचे मोफत जेवण या आपल्या मोठ्या योजना वाचवायच्या, तर काही तरी सोडावे लागणार होते. मे महिन्याच्या मध्यात गव्हर्नर आणि नेत्यांनी मधला मार्ग जाहीर केला. मुलांची आरोग्यसेवा कायम राहील, प्रौढांची 2025 च्या अखेरीस बंद होईल. जाहीर घोषणा चालू असतानाच डीएफएलचे कृष्णवर्णीय, स्थलांतरित आणि मूलनिवासी सदस्य बंद दारावर थापा मारत बाहेर उभे होते. विरोधी पक्षावर नाही, स्वतःच्या नेत्यांवर ते संतापले होते.

19 मे रोजी नियमित अधिवेशनाची मुदत संपली तरी काम अपुरे होते. 9 जूनला एका दिवसाचे विशेष अधिवेशन बोलावले गेले. आरोग्य योजनेचे विधेयक मतास आले. सर्व 67 रिपब्लिकन बाजूने. हवी होती 68 मते. डीएफएलच्या बाकांवरून एकच मत बाजूने पडले. ते मेलिसा हॉर्टमन यांचे होते. निकाल 68 विरुद्ध 65. सिनेटमध्येही डीएफएलच्या नेत्या एरिन मर्फी यांच्यासह मोजक्याच स्वपक्षीयांनी मत देऊन ते पार केले.

या मतावर थोडे थांबायला हवे. हॉर्टमन यांना हे विधेयक नको होते. त्या दुसऱ्या कुठल्या तरी सदस्याला पुढे करू शकल्या असत्या. नेत्याने मागे राहून लहान माणसाकडून अप्रिय काम करून घ्यायचे, हे राजकारणात नवे नाही. त्यांनी ते ओझे स्वतः उचलले. नंतर पत्रकारांशी बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता. या मतामुळे माणसांना त्रास होणार आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि हे कलम नसलेला समझोता व्हावा म्हणून आपण खूप झटलो, असे त्या म्हणाल्या.

आपल्याकडच्या आमदाराला असे मत देणे किती अवघड आहे, हेही लक्षात घ्यावे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. हा कायदा घोडेबाजार थांबवण्यासाठी आला. पण सदसद्विवेकाने एखाद्या विधेयकावर वेगळे मत देण्याची वाटही त्याने अरुंद केली.

पाच दिवसांनी

14 जून 2025. पहाटेच्या अंधारात पोलिसाचा वेश केलेला एक माणूस आधी डीएफएलचे सिनेटर जॉन हॉफमन यांच्या दारात गेला. हॉफमन आणि त्यांची पत्नी अनेक गोळ्या लागूनही वाचले. मग तो ब्रुकलिन पार्कला गेला. मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती मार्क यांची त्यांच्या घरातच हत्या झाली. दोन दिवसांच्या शोधानंतर संशयित पकडला गेला. त्याच्याजवळच्या कागदांत कितीतरी लोकप्रतिनिधींची नावे होती, बहुतेक डेमोक्रॅट. तेव्हा 9 जूनच्या मतामुळे ही हत्या झाली, असे म्हणायला आधार नाही आणि तसे म्हणूही नये. विरोधकाला शत्रू समजण्याचे विष किती खोल जाऊ शकते, एवढे मात्र त्यातून दिसते.

27 जूनला राज्य विधिमंडळाच्या घुमटाखाली हॉर्टमन यांचे पार्थिव दर्शनासाठी ठेवले गेले. हा मान मिळालेल्या त्या मिनेसोटाच्या पहिल्या महिला. त्यांच्या दोन मुलांनी लोकांना सूड मागितला नाही. एखादे झाड लावा, कुत्र्याला कुरवाळा, वडिलांसाठी पाव किंवा आईसाठी केक भाजा आणि तुम्हाला जे खरे वाटते त्याच्या बाजूने उभे राहा, असे त्यांनी कळवले.

हिशेब कोणाचा?

ही गोष्ट सांगून ‘पाहा, तडजोड किती छान’ असे म्हणता येणार नाही. अर्थसंकल्प झाला, कचेऱ्या चालू राहिल्या, शाळेत मुलांना जेवण मिळत राहिले, पगारी रजेचा कायदा टिकला. पण या समझोत्याची किंमत दोन्ही पक्षांपैकी कोणीच स्वतःच्या खिशातून दिली नाही. ती दिली मतदानाचा हक्क नसलेल्या माणसांनी. हॉटेलात भांडी घासणारा, शेतात राबणारा, मधुमेहाची गोळी योजनेतून घेणारा माणूस त्या खोलीत नव्हता. बंद दारावर थापा मारणारे सदस्य याच माणसाची बाजू मांडत होते आणि त्यांचा राग खोटा नव्हता. हॉर्टमन यांनाही ते ठाऊक होते, म्हणून तर त्यांचा आवाज भरून आला.

म्हणून तडजोडीला दोन प्रश्न विचारावेत. ती केली नसती तर नुकसान कोणाचे झाले असते? आणि केल्यावर ते कोणाच्या माथी आले? दोन्ही उत्तरे स्वच्छ द्यावी लागतात. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरे टाळणारा नेता सौदेबाज होतो. दुसऱ्यावर अडून पहिले विसरणारा माणूस स्वतः स्वच्छ राहतो, पण घर बंद पडते.

आणखी एक गोष्ट. मिनेसोटात शहाणपण आपोआप आले नाही. आधी दोन्ही पक्षांनी एकट्याने रेटून पाहिले. न्यायालयाने दोघांनाही अडवले आणि दोघांनी ते ऐकले, तेव्हा बोलणी सुरू झाली. नियम आधी लिहिलेले होते आणि आपल्या गैरसोयीचे असले तरी ते पाळले गेले. सिनेटने जे पहिल्या दिवशी केले, ते प्रतिनिधिगृहाने तीन आठवडे वाया घालवून केले, पण केले.

हॉर्टमन यांच्या रिकाम्या जागेसाठी 16 सप्टेंबर 2025 रोजी पोटनिवडणूक झाली. ह्मोंग समाजातले, डीएफएलचे एक्सपी ली निवडून आले. प्रतिनिधिगृहाचा आकडा पुन्हा 67–67. सर्व 134 जागांची निवडणूक नोव्हेंबर 2026 मध्ये आहे. तोपर्यंत कोणतेही विधेयक मंजूर करायचे, तर समोरच्या बाकावरच्या निदान एका माणसाला पटवावे लागेल.